माती तपासून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आम्हा लिंबू बागायतदारांकडून तुमचे मनापासून आभार. पत्र उघड लिहितो आहोत, म्हणजे तुम्ही सांगितलेले इतर कुळागरवाल्यांच्याही (पोफळीच्या मिश्र बागा करणाऱ्यांच्याही) उपयोगी पडेल. लिंबू धरत नाही म्हटले की युरियाचे पोते वाढवायचे, हीच सगळीकडची रीत. तुम्ही मात्र आधी मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते) विचारता.

आपली जांभ्याची माती, त्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) धुऊन जाते आणि माती आम्ल होते. सामू ५.५ च्या खाली उतरला की अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुंटवते आणि घातलेले स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकून पडते. युरियाने आम्लता आणखी वाढते. मग खत दुप्पट घातले तरी झाडाच्या पदरात काय पडणार? हे तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता समजावता, त्याचे मोल फार मोठे आहे.

नमुना घेण्यातली तुमची शिस्तही तशीच. पानांच्या घेराखाली, खत न पडलेल्या जागी, एक फूट खोल खड्ड्याच्या कडेची माती. बागेत आठ-दहा ठिकाणची एकत्र करून, सावलीत सुकवून अर्धा किलो. बादली प्लास्टिकची. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीतून मातीत जस्त उतरते आणि अहवालच खोटा पडतो. ही गोष्ट पोत्यावर कुठे छापलेली नसते.

आम्लता कमी करायला डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीचा भुगा) एप्रिल-मेमध्ये, अहवालात येईल तेवढेच, घेराखाली पसरून मातीत मिसळायचे. युरिया त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. चुन्याशी गाठ पडली तर युरियातले नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडून जाते. मोठ्या कागदी लिंबाला वर्षाला साधारण ६०० ग्रॅम नत्र, २०० स्फुरद, ३०० पालाश. म्हणजे युरिया १.३ किलो, सुपर फॉस्फेट सव्वा किलो, पोटॅश अर्धा किलो, सोबत कुजलेले शेणखत २०-२५ किलो. नत्र-पालाशाचे तीन हप्ते: जूनच्या सुरुवातीला, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरमध्ये आणि जानेवारीत पाणी देताना. जुलैच्या धारेत घातलेला युरिया थेट ओहोळाला जातो. आणि नत्र जास्त झाले की कोवळी पालवी फुटतच राहते, नागअळी ती पोखरते आणि त्याच जखमांतून कॅन्कर (पानाफळांवर खरबरीत डाग पाडणारा रोग) शिरतो. खताचा आणि रोगाचा हा संबंध तुमच्याइतका स्पष्ट आम्हांला कोणी दाखवला नाही.

नवी पाने अरुंद, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर जस्त कमी. १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम विरलेला चुना, कोवळ्या पालवीवर. चुना वगळला तर पाने करपतात. जुन्या पानांच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरून बाकी पान पिवळे पडले तर मॅग्नेशियम कमी, आणि तिथे डोलोमाइटच कामाचे.

बोर्डो मिश्रणाची (रोगांवर फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या द्रावणाची) परीक्षा तर तुम्ही करूनच दाखवली. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात, मग एकत्र. स्वच्छ घासलेला लोखंडी सुरा मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घालायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे.

कुळागरात लिंबाला एक वेगळा धोका असतो, तोही तुम्ही जागेवर येऊन दाखवलात. पोफळींना सोडलेले पाटाचे पाणी लिंबाच्या बुंध्याशी साचते आणि डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) लागतो. म्हणून बुंध्याला मातीची भर, त्याबाहेर गोल आळे, आणि खत-पाणी सालीपासून हातभर लांब.

पपनसाच्या आणि महाळुंगाच्या झाडांखालची माती अजून तपासायची आहे. डोलोमाइट घालण्याआधी, मार्चमध्येच, नमुने घेऊन येतो. या खेपेला बोरॉनही पाहून द्यावे, ही विनंती.

आपले,
सत्तरीतले लिंबू बागायतदार