सोरायसिसचा उपचार ठरवण्यापूर्वी रुग्णालाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोरायसिस या त्वचेच्या आजारावरील नव्या औषधांच्या बातम्या आपल्या दैनिकात वाचायला मिळतात, पण त्यांतले आपल्यासाठी कोणते, हे ठरवताना रुग्णाची जी तारांबळ उडते तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

गेली १६ वर्षे मला हा आजार आहे. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी कोपर आणि गुडघे पाहिले, मलम लिहून दिले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. खरा त्रास डोक्यातल्या खपल्यांचा होता. खांद्यावर कोंडा सांडतो म्हणून गडद रंगाचे सदरे घालणे मी सोडून दिले होते. तो विषय निघालाच नाही.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली दिली. ती १९९४पासून जगभर वापरात आहे. गेल्या आठवड्यात खाज किती होती, कपडे निवडताना त्वचेचा विचार करावा लागला का, इतकेच काय, उपचारांमुळे घरात पसारा झाला का, असे साधे प्रश्न. उत्तरांची बेरीज तीसपैकी होते आणि बोलणे तिथून सुरू होते.

ते बोलणे आवश्यकच आहे, कारण प्रत्येक उपचार रुग्णाच्या दिनक्रमाकडून काहीतरी मागतो. प्रकाशोपचारासाठी, म्हणजे त्वचेवर अतिनील किरण घेण्यासाठी, आठवड्यातून दोन-तीन खेपा कित्येक आठवडे घालाव्या लागतात. ज्याला रजाच मिळत नाही त्याला तो लिहून देऊन काय उपयोग? मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते, शिवाय अधूनमधून रक्त तपासावे लागते. मूल हवे असणाऱ्या स्त्रीला ती चालत नाही, आणि अॅसिट्रेटिन हे दुसरे औषध बंद केल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. रोगप्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग आवरणाऱ्या ‘बायोलॉजिक’ इंजेक्शनांपूर्वी क्षयरोगाची तपासणी होते. हे सारे औषध सुरू होण्याआधी, रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगायला हवे. (आम्ही रुग्णही ‘तुम्हीच ठरवा, डॉक्टर’ म्हणून मोकळे होतो आणि महिन्याभराने मलम कपाटात टाकतो, हेही खरे.)

डॉक्टरांकडे वेळ नसतो, ही अडचण मला मान्य आहे. परंतु ती प्रश्नावली मी बाहेरच्या बाकावर, नंबर येईपर्यंत भरली होती आणि त्याला पाच मिनिटेही लागली नव्हती.

आपला,
एक वाचक