संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

मुंबई,
दि. ११ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. चाळीच्या पुनर्विकासासाठी विकासकाने दिलेले संमतीपत्र टपालाने तुमच्याकडे पाठवले आहे. गिरगावच्या खोलीची भाडेपावती बाबांच्या नावावर असल्यामुळे सही त्यांचीच लागेल. फोनवर बाबांना हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि विषयही सावकाश वाचून समजून घेण्याचा आहे, म्हणून हे पत्र. माझे म्हणणे आधीच सांगते. सही अवश्य करावी, मात्र सही केलेले संमतीपत्र तळमजल्यावरच्या उपाहारगृहाविषयीच्या अटी लेखी स्वरूपात मान्य करून घेतल्यानंतरच विकासकाच्या हाती द्यावे.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे बाबांनी कृपया लक्षात घ्यावे. मागच्या जिन्याला लावलेले टेकू आता जिन्याचाच भाग असल्यासारखे झाले आहेत, दुसऱ्या मजल्याच्या सज्जाचे लाकूड हाताने कुरतडता येईल इतके कुजले आहे, आणि आईच्या गुडघ्यांना मजल्याच्या टोकाचे सामाईक शौचालय यापुढे झेपणार नाही. आपली इमारत १९४० पूर्वीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या ‘अ’ वर्गातली. १९६९ च्या कायद्याने शहरातल्या अशा सुमारे १९ हजार ६०० इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी दुरुस्ती मंडळाकडे आली. परंतु वर्षानुवर्षे नाममात्र भाडे घेणारा मालक आणि अपुऱ्या निधीचे मंडळ यांच्यामध्ये इमारती थकत गेल्या. आपली चाळ आणखी काही पावसाळे काढील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

खोलीच्या क्षेत्रफळाबद्दल शेजाऱ्यांमध्ये गैरसमज आहे, तो तुमच्यापर्यंतही पोहोचला असेल. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना गेल्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा आपल्यालाही तेवढेच का नको, असे बैठकीत अनेकांनी विचारले. ती शासनाच्या मालकीच्या चाळींची, म्हाडाने राबवलेली योजना आहे. आपला प्रकल्प खासगी असून विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या नियमाखाली येतो, आणि त्यात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळण्याची हमी आहे. त्याहून अधिक जे मिळेल ते वाटाघाटीचे. घरासाठी झगडणारे पुष्कळ आहेत आणि ते आपले काम नीट करीत आहेत, त्यामुळे तो विषय येथेच सोडते.

तळमजल्याच्या बाजूने मात्र कोणी बोलत नाही. बिगरनिवासी भाडेकरूला नियमानुसार त्याच्या ताब्यात होते तेवढेच क्षेत्र नव्या इमारतीत मिळते, आणि कागदावर हे न्याय्यच दिसते. शिंप्याला किंवा घड्याळवाल्याला तेवढ्याने भागेलही. उपाहारगृहाचे तसे नाही. ते चौरस फुटांवर चालत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याचे दार दिसावे लागते, भटारखान्याचा धूर कोणाच्याही खिडकीत न जाता वर निघून जावा लागतो, सांडपाण्याला स्वतंत्र वाट लागते, सकाळी दूध, पाव आणि भाजी उतरवायला जागा लागते, आणि ज्याच्या हाताच्या चवीसाठी लोक येतात तो आचारी टिकून राहावा लागतो. यातले एकही ‘क्षेत्रफळ’ या शब्दात मावत नाही.

विकासकाने दाखवलेल्या आराखड्यात रस्त्याकडेचे सर्व गाळे विक्रीसाठी ठेवले असून खालच्या हॉटेलाला मागच्या बाजूस, गाड्यांच्या उताराजवळ जागा दिली आहे. मेट्रो आल्यापासून त्या दर्शनी पट्ट्याला किती महत्त्व आले असेल, याची कल्पना बाबांना येईल. जगन्नाथ शंकरशेट मार्गावर वर्षानुवर्षे पत्र्यांचे कुंपण होते, पदपथ अरुंद झाला होता, आणि त्या काळात उपाहारगृहाचे काका गल्ल्यावर बसून रिकाम्या बाकांकडे पाहत असत. आता गेल्या ऑक्टोबरपासून कुलाबा ते सीप्झ अशी ३३.५ किलोमीटरची ती मार्गिका पूर्ण सुरू झाली आहे आणि गिरगाव स्थानकातून बाहेर पडणारी माणसे त्याच पदपथावरून चालतात. ज्या रस्त्याने त्यांना एवढी वर्षे तोट्यात ठेवले, त्या रस्त्याचा लाभ मिळण्याची वेळ आली तेव्हा त्यांना इमारतीच्या पाठीमागे पाठवायचे, हे मला अन्यायाचे वाटते, आणि ते मी बैठकीत स्पष्टपणे सांगितलेही आहे.

बाबा, तुम्ही गावाहून आलात तेव्हा गाळ्यात इतर चाकरमान्यांबरोबर राहत होतात आणि महिन्याचे पैसे भरून खाणावळीत जेवत होतात. न जेवलेल्या दिवसांचा खाडा महिनाअखेरीस वजा होत असे, आणि पगार लांबला तर मालक वहीत लिहून ठेवीत, हे तुम्हीच मला सांगितलेले आहे. आई, तू एकशेऐंशी चौरस फुटांच्या खोलीत संसार केलास. अवचित पाच पाहुणे आले की मला डबा देऊन खाली पाठवीत होतीस, आणि खालून बटाट्याची भाजी व पुऱ्या येईपर्यंत तू वरण-भात लावीत होतीस. त्या लहानशा घरांना खालच्या भटारखान्याचा आधार होता म्हणूनच इतक्या माणसांचे आतिथ्य निभले. आजही सकाळी पोहे आणि चहा घेऊन कामावर जाणारे सुरक्षारक्षक, सराफ बाजारातले कारागीर, रुग्णालयात कोणाला तरी दाखल करून आलेले नातेवाईक आणि एकटे राहणारे चाळीतले दोघे-तिघे वृद्ध तेथेच जेवतात. मध्यंतरी पहिल्या मजल्यावरच्या आजींना ताप आला होता, तेव्हा रोजची पेज वरपर्यंत पोहोचवण्याचे काम तेथल्या वाढप्याने कोणी न सांगता केले.

अशी ठिकाणे नाहीशी कशी होतात, हे आपण गिरणगावात पाहिले आहे. लालबाग-परळच्या चाळींतल्या स्त्रिया आपल्याच खोलीत गिरणी कामगारांना जेवू घालीत, आणि त्या स्त्रियांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे तुम्हांला माहीतच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा त्या खाणावळींवर हातोडा कोणी चालवला नव्हता. ताटावर बसणारा माणूसच उरला नाही. पुढे १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले, एक मोकळ्या सार्वजनिक जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या भागापुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. नियमातले थोडे शब्द बदलले आणि शहराच्या वाट्याची जमीन आक्रसली. आज लोअर परळला खाण्याच्या जागांची कमतरता नाही, पण तेथे झाडलोट करणारा माणूस तेथे बसून जेवू शकत नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण प्राणास मुकले. मूळ वापर बदललेल्या जागेत भटारखाना, गर्दी आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांचा विचार आधी करावा लागतो, एवढे तरी आपण त्यातून घेतले पाहिजे.

म्हणून करारातल्या शब्दांकडे माझे इतके लक्ष आहे.

गिरगावातही पुष्कळ काही सरले आहे. खोताच्या वाडीतले अनंताश्रम बंद झाले. बाबांना तिथल्या माशांच्या कालवणाची आठवण अजून येते. विनय हेल्थ होम आणि पणशीकर यांच्याकडे अजून गर्दी असते, याचा मला आनंद आहे, परंतु नामांकित ठिकाणांना दुरून येणारे गिऱ्हाईक असते. आपल्या खालच्या हॉटेलाचे नाव वर्तमानपत्रात कधी आले नाही. ते चालते ते आजूबाजूच्या वाड्यांतल्या माणसांवर, आणि ती माणसे बोरिवली, डोंबिवली, विरारकडे निघून चालली आहेत. अशा हॉटेलाचे दार बांधकामाच्या काळात बंद राहिले तर ते पुन्हा उघडण्याची शक्यता फार थोडी आहे. घर सोडलेल्या कुटुंबाला विकासकाकडून भाडे मिळते आणि ते दुसरीकडे चूल मांडू शकते. हॉटेलालाही भाडे देऊ केले आहे, परंतु त्या पैशांत गिऱ्हाइकाची सवय टिकत नाही. काकांकडचे आचारी आणि वाढपी बहुतेक राजापूर-लांज्याकडचे आहेत. ते दोन-तीन महिने वाट पाहतील आणि मग दुसरीकडे काम धरतील किंवा गावी परततील.

आता विरोधाचेही सांगते, कारण तो खोटा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनांना नव्या इमारतीत हॉटेल नको आहे. झुरळे, तळणीचा वास, पहाटे चारला भांड्यांचा आवाज आणि प्रवेशद्वारापाशी होणारी गर्दी यांचा त्रास त्यांनी सोसला आहे आणि मी तो नाकारू शकत नाही. पण या तक्रारींतल्या बहुतेकांवर उपाय बांधकामाच्या आराखड्यातच आहे. धुराची नळी तळमजल्यापासून थेट गच्चीच्या वरपर्यंत नेलेली असावी, तेलकट पाणी गाळून सोडण्याची टाकी असावी, हॉटेलाचे प्रवेशद्वार रहिवाशांच्या प्रवेशद्वारापासून वेगळे असावे. या सोयी आधी केल्या नाहीत तर इमारत उभी राहिल्यावर त्या करता येत नाहीत. मग महापालिकेचा आरोग्य परवाना आणि अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र मिळवताना अडचणी येतात, शेजारी तक्रारी करतात, आणि काही महिन्यांत गाळा एखाद्या बँकेला किंवा औषधाच्या साखळी दुकानाला भाड्याने जातो. हॉटेलमालकाला त्यातून अधिक पैसे मिळतील, हे खरे आहे, आणि काकांनी तसे केले तर मी त्यांना दोष देणार नाही. परंतु त्यांना हॉटेल चालवायचे आहे, त्यांच्या मुलीलाही चालवायचे आहे, आणि ज्यांना चालवायचे आहे त्यांच्यासाठी मार्ग खुला राहिला पाहिजे.

देखभाल खर्चाचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन मिळणाऱ्या नाममात्र भाड्यावर चालणाऱ्या हॉटेलात पोह्यांची बशी स्वस्त राहते, ती त्या भाड्यामुळेच. नव्या इमारतीत उद्वाहने, पंप, सुरक्षारक्षक आणि मालमत्ता कर यांचा वाटा व्यापारी दराने लागला, तर तोच खर्च बशीच्या किमतीत उतरेल आणि आज खाणारी माणसे उद्या दारातूनच परततील. ज्या उद्वाहनांचा हॉटेलाला उपयोगच नाही, त्यांचा भार त्याच्यावर टाकू नये, असे मला वाटते. यावर बैठकीत एकमत झालेले नाही, आणि बाबांनी या मुद्द्यावर स्वतःचे मत स्वतंत्रपणे कळवावे. तुम्ही इतकी वर्षे चाळ समितीचे हिशेब पाहिलेले आहेत, तुमच्या शब्दाला आजही मान आहे.

वेळ थोडा आहे, कारण ५१ टक्के भाडेकरूंची संमती जमली की प्रस्ताव पुढे जाऊ शकतो, आणि त्यानंतर आपल्या अटी ऐकून घेण्याचे विकासकाला कारण उरणार नाही. आजमितीस निम्म्याहून थोड्या कमी सह्या झाल्या आहेत. म्हणजे पुढच्या मोजक्या सह्यांना आज जे वजन आहे, ते महिन्याभरात राहणार नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजी, कोपऱ्यातले निवृत्त शिक्षक आणि आणखी काही जण आपल्याबरोबर थांबायला तयार आहेत. घर अडवून धरण्याचा आरोप आपल्यावर होईल, याची जाणीव मला आहे. म्हणून विकासकाला द्यायच्या पत्रात पहिले वाक्य असे लिहिले आहे की पुनर्विकासास आमची संमती आहे आणि पुढील बाबी पर्यायी जागेच्या करारात समाविष्ट होताच सही केलेले संमतीपत्र सुपूर्द करू.

त्या पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. हॉटेलाला जगन्नाथ शंकरशेट मार्गाच्या बाजूस, पदपथाच्या पातळीवर दर्शनी जागा द्यावी. मंजूर नकाशात धुराची नळी, सांडपाण्याची टाकी आणि वेगळे प्रवेशद्वार दाखवावे. आणि बांधकामाच्या काळात चालत जाता येईल अशा अंतरावर, भटारखाना चालवता येईल अशी तात्पुरती जागा मिळवून द्यावी, केवळ भाड्याचा धनादेश देऊन मोकळे होऊ नये, अशी त्यात मागणी आहे. तिसरी अट विकासकाला सर्वांत जड जाईल. तिच्यासाठी शेजारच्या वाडीतल्या बंद पडलेल्या छापखान्याची जागा काकांनी स्वतः पाहून ठेवली आहे आणि तिच्या मालकाची तयारी आहे, त्यामुळे जागाच मिळत नाही असे उत्तर चालणार नाही.

बाबांनी मसुदा वाचून त्यात जे खटकेल ते पेन्सिलीने दुरुस्त करावे, पसंत असल्यास प्रत्येक पानावर सही करावी आणि स्पीड पोस्टाने माझ्या मुलुंडच्या पत्त्यावर पाठवावे. संमतीपत्रावरही सही करून ते वेगळ्या पाकिटात घालावे. अटी मान्य होईपर्यंत मी ते माझ्याजवळच ठेवीन. पुढची बैठक रविवारी, २५ तारखेला आहे, तोवर दोन्ही कागद हाती आले तर बरे होईल. आई, तुला कोणत्या मजल्यावर राहायला आवडेल तेही याच पत्रात कळव, कारण मजल्यांची पसंती त्याच बैठकीत विचारणार आहेत. खालचा मजला मागितला तर उजेड थोडा कमी मिळेल, पण वीज गेल्यावर तुला जिने चढावे लागणार नाहीत.

आपली आज्ञाधारक,
तुमची लेक