टपालपेटीवर माझं नाव चिकटवणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

काल वसतिगृहाच्या किल्ल्या परत केल्या. सामान गेलं, खोली पुसून झाली, आणि मग टपालपेटीवरची नावाची पट्टी काढायची राहिली असं लक्षात आलं. पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या मार्करनं तुझ्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं माझं आडनाव. ती पट्टी हातात घेऊन मी बराच वेळ पायरीवर बसून राहिले. तुला फोनवर नुसतं 'थँक्यू' म्हणून हे भागणार नाही, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय, कारण तू काय केलंस ते लोकांना कळायला हवं. तुझं नाव मात्र घालत नाही. तुला ते आवडणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे.

सप्टेंबर २०२३च्या शेवटच्या आठवड्यात मी जर्मनीत म्युनिकला उतरले. प्रवेश मिळाला होता, व्हिसा मिळाला होता, बँकेच्या ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाच्या खर्चाचे ११,२०८ युरो भरले होते. म्हणजे सोलापुरात बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून उभे केलेले जवळजवळ दहा लाख रुपये. नव्हतं ते फक्त घर. विद्यार्थी वसतिगृहासाठी अर्ज केला होता, पण रांग काही सत्रांची होती. आणि तेव्हा शहरात ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे बिअरचा मोठा उत्सव, चालू. ज्या हॉस्टेलात एरवी तीस-पस्तीस युरोत खाट मिळते, तिथे बारा जणांच्या खोलीतल्या वरच्या खाटेला मी रात्रीचे ९० युरो देत होते.

त्यातच ती जाहिरात दिसली. शहराच्या मध्यावर, झेंडलिंगर टोरजवळ, अख्खा फ्लॅट ५५० युरोला. मालक कामानिमित्त इंग्लंडला, किल्ल्या कुरियरने पाठवणार. आधी एक महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट, मिळून १,६५० युरो भरायचे. मी बँकेचं ॲप उघडून बसले होते. केवळ मनाच्या समाधानासाठी मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. रात्रीचा एक वाजला होता. तुझी माझी ओळख नव्हती. दोन मिनिटांत तुझा निरोप आला, 'पैसे भरू नकोस, फोन करते.' फोनवर तू पहिलं वाक्य बोललीस ते अजून कानात आहे: "त्या फोटोतलं भिंतीवरचं सॉकेट बघ. तीन चौकोनी भोकांचं आहे ना? जर्मनीत गोल, दोन पिनांचं असतं. हा फ्लॅट म्युनिकमधला नाहीच."

ताई, ते १,६५० युरो गेले असते तर मी बाबांना काय सांगितलं असतं, हा विचार आजही मला पुरा करवत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू मला ऑलिंपियात्सेंट्रुम स्टेशनवर घ्यायला आलीस. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडू जिथे राहिल्या ती वस्ती, नंतर विद्यार्थ्यांची झालेली. जुनी घरं पाडून पुन्हा बांधलेली १,०५२ छोटी छोटी दुमजली घरं, गल्ल्या इतक्या अरुंद की आमच्या पेठेची आठवण यावी. प्रत्येक दारावर तिथे राहणाऱ्यानं काढलेलं चित्र. तुझ्या दाराशी मी थबकलेच. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांची वारली माणसं, मध्ये तारपा वाजवणारा, भोवती हातात हात गुंफून नाचणारी रांग. तू डहाणूची. मला म्हणालीस, "लांबून आलेल्याला माझं घर सापडावं म्हणून काढलंय."

जेमतेम अठरा-एकोणीस चौरस मीटरच्या त्या घरात तू मला नऊ रात्री ठेवलंस. आधी हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, रीतसर विचारलंस. वरची पलंगाची जागा मला दिलीस आणि स्वतः खाली गादी टाकून झोपलीस, तुझा प्रबंध जमा करायला तीन आठवडे उरले असताना. हे मला फार नंतर, दुसऱ्याकडून कळलं.

त्या नऊ दिवसांत तू माझ्यासाठी घर नाही, पत्ता शोधत होतीस. फरक तेव्हा मला समजत नव्हता. इथे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते, आनमेल्डुंग, आणि तिला घर देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो. खोली देणारे दोघे भेटले होते, पण दोघेही म्हणाले, राहा, दाखला मागू नको. भाडं स्वस्त होतं. मी तयार होते. तू ठामपणे नाही म्हणालीस. नोंदणी नाही तर टॅक्सचा नंबर येत नाही, राहण्याच्या परवान्याचं काम अडतं, आणि ज्या घरात तू कागदावर नाहीस तिथून तुला कधीही बाहेर काढता येतं, असं तू चहा गाळता गाळता समजावलंस. शेवटी तुझ्या वर्गातली एक मुलगी एक्स्चेंजसाठी वर्षभर स्पेनला निघाली होती, तिची वसतिगृहातली खोली रीतसर परवानगी काढून मला पोटभाड्यानं मिळाली. दाखल्यासकट.

खोलीत सामान टाकल्यावर मला वाटलं, झालं. तू म्हणालीस, "नाही झालं, खाली चल." पिशवीतून चिकटपट्टी आणि मार्कर काढलास. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. तिथे माझं नाव चिकटलं आणि मग आठवडाभरात पत्रं सुरू झाली. बँकेचं, विम्याचं, टॅक्सच्या नंबराचं, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. टीव्ही नसताना महिन्याला १८.३६ युरो कशाचे म्हणून मी ते पत्र बाजूला टाकलं होतं. तू सांगितलंस की ते घरामागे असतात, टीव्हीमागे नाही, आणि न भरता वाढत जातात. आलेलं पत्र त्याच दिवशी उघडायचं, हा तू घालून दिलेला नियम मी अजून मोडलेला नाही.

सामायिक स्वयंपाकघरात अकरा जण होतो. फोडणी करताना पॅसेजचं दार बंद, खिडकी सताड उघडी, हेही तुझंच. धुराचा अलार्म वाजला की अख्खी इमारत खाली उतरते. मोहरी तडतडण्याआधी माझा हात आजही आपोआप खिडकीकडे जातो. आणि महिन्याला चार-पाच युरोचा तो हाफ्टफ्लिष्ट विमा, आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा! किल्लीसुद्धा त्यात हवी असं तू बजावलं होतंस. फेब्रुवारीत माझी किल्ली हरवली. ती किल्ली लागणारी अनेक कुलपं बदलावी लागली. ते बिल मला कधीच भरता आलं नसतं, विम्यानं भरलं.

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो १२ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन, रविवार, दुकानं बंद, आणि पाच वाजायच्या आत काळोख. मी कोणाला काही बोलले नव्हते, पण तीन दिवस मी खोलीबाहेर पडले नव्हते आणि घरी फोनवर 'मजेत आहे' म्हणत होते. तू न कळवता आलीस, दार वाजवलंस, आणि 'स्वेटर घाल' एवढंच म्हणालीस. तुझ्या घरी जिन्याच्या पायऱ्यांवर सात जण दाटीवाटीनं बसलो. बेसन भाजल्याचा वास गल्लीभर. शेजारची इराणी मुलगीही आली. मला काय झालंय असं तू विचारलं नाहीस. लाडू वळायला बसवलंस. त्या रात्री मी आईला फोन केला आणि पहिल्यांदा खरं सांगितलं, की मला इथे जड जातंय. ते सांगता आलं म्हणूनच मी टिकले, ताई.

तुझी खोलीची मुदत मार्चमध्ये संपली आणि तू नोकरीसाठी हांबुर्गला गेलीस. पुढच्या ऑक्टोबरात वसतिगृहाच्या रांगेत माझा नंबर लागला तो तुझ्याच वस्तीत, तुझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. जुन्या पेटीवरची पट्टी मी नखानं हळूच सोडवून इथल्या पेटीवर लावली होती. चिकटेना, तेव्हा वरून दुसरी लावली. आता ती तुझ्या अक्षरातली पट्टी माझ्या वहीत आहे.

तुझ्या घरात आता ट्युनिशियाचा एक मुलगा राहतो. त्यानं भिंत निळी रंगवली, पण तारपेवाला आणि नाचणारी रांग तशीच ठेवलीय. निघायच्या आधी मी त्याला भेटायला गेले. वारली म्हणजे काय ते सांगितलं. त्यानं बोट ठेवून विचारलं की या रांगेचं शेवटचं टोक उघडं का आहे, शेवटच्या बाईचा हात मोकळाच का आहे. चित्र पुरं करायचं राहिलं होतं, की ती रांग तशीच असते? मला सांगता आलं नाही. त्याचा नंबर घेऊन ठेवलाय. तू कळव, मी त्याला सांगते.

तुझी,
सोलापूरची धाकटी