“मावशी, तुम्ही घरी बसता कशा?” असं विचारणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

तुमचं नाव मला माहीत नाही. शिबिरातल्या कार्डावर आईचं नाव, वय आणि ‘डावा, गुडघ्याखाली’ एवढंच लिहिलेलं होतं. गर्दी इतकी, की नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर. प्लास्टरने माखलेला ॲप्रन घातलेले, आईला ‘मावशी’ म्हणणारे, पुण्याच्या त्या ‘जयपूर फूट’ म्हणजे कृत्रिम पायांच्या शिबिरातले कारागीर तुम्हीच असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आम्ही मावळातले. चिखलणी चालू असताना पॉवर टिलरच्या पात्यात आईचा पाय गेला. जखम चिघळली आणि गुडघ्याखाली कापावा लागला. मग एका दुकानातून आम्ही बऱ्यापैकी पैसे मोजून कृत्रिम पाय घेतला. दिसायला छान, बुटात अगदी फिट. पण आईने आयुष्यात बूट घातला नव्हता. तो पाय लावून ती चुलीपुढे बसायला गेली आणि मागे कलंडली. महिन्याभरात पाय माळ्यावर गेला आणि आई कुबड्यांवर आली. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “सवय होईल, आणि खुर्चीवर बसायचं.” आमच्या घरात तेव्हा एकच खुर्ची होती आणि तिच्यावर टीव्ही ठेवलेला होता.

तुमच्याकडे आलो तेव्हा वाटलं, तुम्ही विचाराल किती चालता, काठी लागते का. तुम्ही पहिलंच विचारलंत, “मावशी, तुम्ही घरी बसता कशा?” आई आधी लाजली. मग तिने सगळं सांगितलं. विळीवर भाजी चिरताना एक पाय पाटावर दाबून, जेवताना मांडी घालून, भाताच्या लावणीत वाकून, आणि शौचाला उकिडवं. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, “म्हणजे घोट्याचं काम आहे.”

मी भोसरीत रबराच्या साच्यांचं काम करतो. डाय, प्रेस, क्युअरिंग म्हणजे रबर तापवून पक्कं करणं, हाच माझा दिवस. त्यामुळे तुम्ही तो पाय हातात दिलात तेव्हा मी आधी मुलगा म्हणून नाही, कामगार म्हणूनच उलटसुलट करून पाहिला. बिजागर शोधत होतो. बिजागर नव्हतंच! तुम्ही हसलात आणि कापून दाखवायला ठेवलेला एक जुना पाय पुढे केलात. टाचेत स्पंज रबर, पुढच्या भागात स्पंज रबर, घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा, आणि सगळ्यावर रबर गुंडाळून साच्यात शिजवलेलं. लाकूड घोट्यापाशीच संपतं, ही त्यातली मेख. माळ्यावरच्या पायात कडक लाकूड पार चवड्यापर्यंत गेलेलं होतं, म्हणून तो वाकायचा नाही. गाडीच्या सस्पेन्शनमधला रबरी बुश, म्हणजे धक्के सोसणारं जाड रबरी कडं, जसा बेअरिंग नसताना चहूबाजूंनी दबतो आणि परत जागेवर येतो, तसंच हे. मी रोज शेकड्याने बुश काढतो, पण त्यातून पाऊल निघेल असं कधी मनात आलं नव्हतं.

नंतर घोट्याबद्दल सापडेल ते वाचलं. नडगीचं हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड मिळून एक खोबण होते. तिच्यात टेलस नावाचं हाड बसतं, त्यावर पाऊल वर-खाली होतं. टेलसच्या खाली आणखी एक सांधा आहे, तो पाऊल आत-बाहेर कलवतो. खाचराच्या बांधावरून चालताना आपण पडत नाही ते त्याच्यामुळे. गंमत म्हणजे या टेलसवर एकही स्नायू चिकटलेला नाही. सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर, पण ओढायला त्याचं स्वतःचं कोणी नाही. साधं चालताना नडगी पावलावर पुढे झुकते ती साधारण 10 अंश. टाच टेकवून पूर्ण उकिडवं बसायचं तर 30 अंशांच्या पुढे झुकावं लागतं. माळ्यावरचा पाय कुणी बनवला माहीत नाही, पण त्याने 10 अंशांच्या माणसांचाच विचार केला असणार.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठींनीही हेच पाहिलं होतं. परदेशी धाटणीचे पाय दिलेले रुग्ण काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर यायचे. 1968 च्या सुमाराला त्यांच्याबरोबर मास्टरजी रामचंद्र शर्मा या कारागिराने हे रबरी पाऊल घडवलं. सायकल पंक्चर झाल्यावर ट्रकच्या टायरवर नवं रबर चढवताना (रिट्रेड) पाहून मास्टरजींना व्हल्कनाइझ, म्हणजे तापवून पक्क्या केलेल्या रबराची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. 1981 चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. तो योग्यच, पण साच्याशी झटणाऱ्याचं नाव लोकांच्या तोंडी कमी येतं, हे मला आमच्या धंद्यामुळे जरा जास्तच टोचतं. तुमचंही नाव मला विचारायचं सुचलं नाही, त्यात हेच आलं.

तुम्ही प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप घेतलंत, साचा ओतलात आणि भट्टीत मऊ केलेला एचडीपीई म्हणजे टणक प्लास्टिकचा पाइप त्याच्यावर ओढलात. आई बघत होती. म्हणाली, “अगं बया, हा तर आपल्या विहिरीवरचा पाइप!” तिला त्याचा फार आधार वाटला. ओळखीची वस्तू होती ना.

तुम्ही एक गोष्ट लपवली नाहीत. “हा पाय ढकलणार नाही, पोटरीचं काम मांडीलाच करावं लागेल,” असं आधीच सांगितलंत. ते खरं निघालं. चढावर आई दमते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतले प्राध्यापक ह्यू हेर मोटरवर चालणारा घोटा बनवतात, तो पोटरीसारखा मागून रेटा देतो. स्वतः हेर यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेले आहेत, तेव्हा त्यांना रेट्याची किंमत कळणारच. मी आईला त्याचा व्हिडिओ दाखवला. तिने पूर्ण पाहिला आणि विचारलं, “चिखलात चालंल का?”

तिचा चालतो. पहिल्या पावसाळ्यात ती नुसती बांधावर उभी राहून रोपांच्या मुठी फेकत होती. दुसऱ्या वर्षी खाचरात उतरली, अनवाणी, दोन्ही पायांनी. वर आली तेव्हा दोन्ही पाय चिखलाने सारखेच काळे झाले होते आणि कुठला कोणता ते मला लांबून कळेना. मी बांधावर बसून रडलो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

आता अंगठ्यापाशी रबराला चीर गेली आहे. तीन लावण्या झाल्या, झिजणारच. पुढचं शिबिर लागलं की पाऊल बदलायला आम्ही येऊ. येताना इंद्रायणीचा नवा तांदूळ आणतो, आईने पाच किलो वेगळा काढून ठेवला आहे. तेवढं नाव मात्र या वेळी सांगा. आणि मावळात कधी आलात तर जेवायला थांबा. पानं जमिनीवरच मांडू, वाढायला आई असेल.

तुमचा,
डाव्या पायाच्या मावशींचा मुलगा