आमच्या फिजिओ मॅडमना, नागपूरच्या महाल भागातल्या काकूंकडून

नमस्कार मॅडम,

८ सप्टेंबरला फिजिओथेरपी दिवस असतो हे परवा भाचीने सांगितलं, आणि तेव्हापासून मनात होतं की तुमच्याबद्दल सगळ्यांसमोर लिहायचं. समोर बोलले तर तुम्ही "अहो काकू, माझं कामच आहे ते" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे लिहून राहिले. आणि दुसरं कारण असं की लकवा झालेल्या माणसाचा हात छातीशी दुमडलेला, मूठ घट्ट, असं आपल्या नागपुरात कितीतरी घरात दिसतं आणि घरचे लोकं म्हणतात आता हा असाच राहणार, नशीब. त्यांनी पण वाचावं.

आमच्या यांना लकव्याचा अटॅक आला तेव्हा डावी बाजू गेली. पहिले काही आठवडे हात एकदम लुळा, उशीवर ठेवला तर तिथेच. मग हळूहळू कडकपणा यायला लागला आणि घरात सगळे खुश, हाताला जीव आला म्हणे. तो जीव वेगळाच निघाला. कोपर वाकलं, मनगट आत वळलं, अंगठा तळहातात आणि त्याच्यावर चारही बोटं अशी आवळलेली की मूठ उघडायला दोन माणसं लागायची. आत घाम, वास, नखं रुतून तळहातावर चंद्रकोरीसारख्या खुणा, आणि हात लावला की हे ओरडायचे. भेटायला येणारे सल्ला देऊन जायचे, रबराचा बॉल दाबायला द्या, तेल लावून चांगली जोरात मालिश करा, हात खेचून सरळ करा.

तुम्ही पहिल्या दिवशी आल्या, तो बॉल हळूच बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, मूठ बंद करायची ताकद काकांकडे भरपूर आहे, उघडायची नाही. मग सराव बंद करायचा कशाला?" इतकी सरळ गोष्ट, पण तोपर्यंत आम्हाला कोणीच सांगितली नव्हती.

नंतर तुम्ही आम्हा दोघांना बसवून समजावलं की बिघाड हातात नाही, मेंदूत आहे. मेंदूतून हाताला नुसता "हल" असा हुकूम येत नाही, "शांत रहा" असा पण येतो, आणि अटॅकमध्ये ते दोन्ही रस्ते खराब झाले. मग खाली मणक्यातल्या नसा आपल्या मनाने स्नायूला आवळत राहतात, त्यांना थांबवणारं वरून कोणी नाही. म्हणून झटका देऊन हात ओढला की तो उलट जास्त आवळतो. तुम्ही गाडीच्या सीटबेल्टचं सांगितलं होतं, झटक्यात ओढला की अडकतो, हळू ओढला की येतो. यांना ते इतकं पटलं की मालिशवाला भाऊ परत आला तेव्हा यांनीच त्याला सांगितलं, "सीटबेल्ट आहे बाबा हा, ओढू नको."

आणि मूठ उघडायची तुमची पद्धत. ही मी मुद्दाम नीट लिहून राहिले, कोणाच्या तरी कामी येईल, फक्त आपल्या फिजिओकडून एकदा समोर बसून शिकून घ्या. तुम्ही बोटांना हातच लावला नाही. आधी यांचा खांदा आणि कोपर उशीवर नीट टेकवलं, यांच्याशी क्रिकेटचं बोलत बोलत. मग मनगट अजून थोडं आतल्या बाजूला वाकवलं, मला वाटलं ही मुलगी उलटं काहून करून राहिली, पण मनगट वाकलं तशी बोटं आपोआप सैल पडली. मग अंगठा, तो पण टोकाला धरून नाही तर बुडाशी जो मांसल भाग असतो तिथून धरून हळूच बाहेर काढला. अंगठा बाहेर आल्यावर बोटं एकेक करून उघडली, आणि हात पूर्ण पसरल्यावर मगच मनगट सावकाश सरळ करत आणलं, जिथे अडलं तिथे थांबल्या, जोर नाही केला, तो सैल होईपर्यंत धरून बसल्या. मग कोमट पाण्यात फडकं भिजवून बोटांच्या बेचक्या पुसल्या, कोरड्या केल्या, नखं कापली. हे काम खरं म्हणजे तुमचं नव्हतं. यांनी स्वतःचा तळहात किती दिवसांनी पाहिला असेल, आणि ते काहीच बोलले नाही, नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. त्या दिवसापासून मी रोज सकाळी तसाच हात धुते. आता ओरडणं नाही, वास नाही.

जांभईचं तुम्हाला आठवत असेल. एका दुपारी हे जांभई देऊन राहिले होते आणि तो डावा हात, जो सांगून एक इंच हलत नव्हता, आपोआप छातीपर्यंत वर आला. मी तर रडायला लागले, टेकडीच्या गणपतीला बोलले होते ते पावलं असं वाटलं, आणि तुम्हाला लगेच फोन केला. दुसरं कोणी असतं तर हसलं असतं नाहीतर "वा वा, छान" म्हणून फोन ठेवला असता. तुम्ही संध्याकाळी आल्या, शांतपणे सांगितलं की काही पेशंटमध्ये जांभई देताना असा हात उठतो, तो मेंदूच्या दुसऱ्या, खूप जुन्या रस्त्याने उठतो, मनाने हलवायचा रस्ता वेगळा, म्हणून याला सुधारणा समजायचं नाही आणि घाबरायचं पण नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मग तुम्ही माझ्याजवळ थोडा वेळ बसल्या, चहा घेतला, आणि खरी सुधारणा कशात दिसते ते दाखवलं, झोपून कोपर जरासं आपल्या मनाने सरळ करता येणं, खांदा पुढे सरकवता येणं. त्या संध्याकाळपासून मी चमत्काराची वाट पाहणं सोडलं आणि त्या छोट्या गोष्टी पाहायला लागले, आणि त्या खरंच होत्या.

भिंतीवर तुम्ही मोठ्या अक्षरात चिकटवलेला कागद अजून तिथेच आहे, "डावा हात धरून ओढू नये, काखेत हात घालून उचलू नये". येणारा प्रत्येक जण वाचतो. लकव्यात खांद्याचे स्नायू कमजोर झाले की सांधा खाली सरकतो आणि ओढाओढीत खांद्याचं जे दुखणं लागतं ते महिनोन् महिने जात नाही, हे तुम्ही आमच्या पुतण्याला पण शिकवलं आणि सफाईला येणाऱ्या मावशींना पण, त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं. नेहमी यांच्या डाव्या बाजूने बसून बोला हे पण तुमचंच, कारण यांचं त्या बाजूला लक्षच जात नव्हतं, ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची.

मागच्या थंडीतली गोष्ट तर मी सगळ्यांना सांगते. हात बरा चालला होता आणि अचानक दोन दिवसात परत दगड. आम्हाला वाटलं थंडी पडली म्हणून, नागपूरची डिसेंबरची थंडी काही साधी नसते आणि थंडीने आवळतं हे तुम्हीच सांगितलेलं. तुम्ही आल्या, हात पाहिला, एक्सरसाइज सुरूच केला नाही, उलट विचारायला लागल्या, काकांना लघवीला जळजळ होते का, पोट साफ होतं का, पाठीला कुठे लाल झालंय का, पायाचं नख रुतलंय का. मी म्हटलं अहो दुखतोय हात आणि तुम्ही हे कायले विचारता. तुम्ही म्हणाल्या, अंगात कुठेही त्रास असला की टोन, म्हणजे स्नायूचा कडकपणा, वाढतो, पेशंटला तो त्रास जाणवला नाही तरी हाताला कळतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं, लघवीत इन्फेक्शन निघालं, औषध झालं आणि हात परत पहिल्यासारखा सैल. तुम्ही त्या दिवशी नुसते स्ट्रेच करून फी घेऊन गेल्या असत्या तर आम्हाला काही कळलं नसतं.

आणि जेव्हा तुमच्या हातात नव्हतं तेव्हा तसं सांगितलं, याचं मला सगळ्यात जास्त अप्रूप. कोपर आणि बोटं एका ठिकाणी अडकून पडली तेव्हा तुम्हीच म्हणाल्या, आता नुसत्या व्यायामाने होणार नाही, न्यूरोच्या डॉक्टरांना बोटॉक्सबद्दल विचारा. आम्ही ते नाव सुरकुत्यांसाठी ऐकलेलं. यांना तर भीतीच. तुम्ही सांगितलं की ते औषध नसेकडून स्नायूला जाणारा निरोप काही काळ अडवतं, म्हणून आवळलेला स्नायू सैल पडतो, लगेच नाही, काही दिवसांनी कळायला लागतं आणि साधारण तीन-चार महिन्यांनी उतरतं. महाग आहे हे पण आधीच सांगितलं, आणि इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर पैसे वाया, त्या सैल दिवसांतच खरी मेहनत, हे पण. स्नायू सैल करायच्या बॅक्लोफेनच्या गोळीने यांना दिवसभर झोप यायची तर मी ती बंदच करणार होते, तुम्ही अडवलं, एकदम बंद करायची नसते, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. माझ्यासाठी ती माहिती फार मोठी होती.

इंजेक्शननंतर एक दिवस यांनी तुम्हाला स्पष्टच विचारलं, "बेटा, हा हात पहिल्यासारखा होईल का?" मी स्वयंपाकघरात होते, हातातलं काम थांबलं माझं. तुम्ही म्हणाल्या, "काका, पहिल्यासारखा होईल असं मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या सहा महिन्यांत जेवढं लवकर येतं तेवढं आता येत नाही, पण थांबलं असं पण नाही. हा हात दुखणार नाही, स्वच्छ राहील, शर्टाच्या बाहीत सहज जाईल आणि उजव्या हाताला मदत करेल. त्यासाठी मी आहे." हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "चालेल ना जी. मदत करणारा तर मदत करणारा." त्यानंतर यांची चिडचिड निम्मी झाली. इतके महिने सगळे यांना "होईल होईल" म्हणत होते आणि यांना ते खरं वाटतच नव्हतं.

मग तुम्ही विचारलं दोन हातांनी करायची कोणती गोष्ट काकांना आवडते, आणि हे म्हणाले संत्रं सोलणं. मृग बहाराची संत्री आली होती बाजारात. आपलं नागपुरी संत्रं, साल सैल, म्हणून तुम्हाला पण ते पसंत पडलं. टेबलावर डावा हात ठेवून, तळहात वर, त्यात संत्रं, बोटं तुम्ही त्याच्याभोवती बसवली, आणि उजव्या हाताने साल काढायची. पहिल्यांदा संत्रं निसटून खाली, मग इतकं आवळलं की रस यांच्या शर्टावर. पकडणं जमायला लागलं तर सोडणं जमेना, बोटं उघडतच नव्हती, तेव्हा तुम्ही तीच युक्ती शिकवली, मनगट आतल्या बाजूला वाकव, बोटं आपोआप सुटतील, आणि हे ते स्वतःच्या उजव्या हाताने करायला शिकले. आता रोज जेवणानंतर कधी संत्रं, कधी मोसंबी, नाहीतर केळं, डावा हात धरतो आणि उजवा सोलतो. वेळ लागतो, लागू दे. फोडी मला पण देतात.

मे महिन्याच्या शेवटी नवतप्याच्या उन्हात तुम्ही तोंडाला स्कार्फ बांधून मानेवाड्याहून महालात स्कूटीने यायच्या, दुपारी रस्त्यावर कुत्रं पण नसायचं. आल्या की आधी कूलरचा झोत यांच्या हातावरून दुसरीकडे फिरवायच्या आणि मग स्वतः पाणी प्यायच्या. मी ते रोज पाहिलं आहे.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना एवढंच सांगते, हात कडक व्हायला लागला की वाट पाहू नका, चांगला फिजिओ शोधा, आणि तो घरच्यांना शिकवतो का ते बघा, कारण त्याच्या एक तासानंतरचे बाकीचे तास आपल्यालाच काढायचे असतात.

मॅडम, खूप खूप आभार. तुमच्या आईबाबांना माझा नमस्कार सांगा. आणि हो, हात सरळ ठेवायला बांधतो त्या स्प्लिंटचा मनगटाजवळचा पट्टा सैल झालाय, रात्री सरकतो, सोमवारी आल्या की तेवढा बघून घ्या.

तुमची,
महालातली काकू