अनू, दोन दिवस नको, चांगली पंधरा दिवस ये

प्रिय अनू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मागे हॉर्नच हॉर्न, आणि त्यात तू म्हणतेस "काय बाई, तुझी मजा आहे, बीचवर लोळत असशील". लोळतेय कसली! उत्तर टाइप करायला घेतलं तर आवरेना, म्हणून हे पत्र. फोनवर बोललो असतो तर तू मध्येच "थांब गं, कॉल येतोय" म्हणाली असतीस, त्यापेक्षा हे बरं, चहा घेऊन निवांत वाच.

पहिली गोष्ट म्हणजे मी इथे कोकणात, आंजर्ल्याला आईकडे, सुट्टीवर नाहीये. ऑफिस चालू आहे, माडीवरच्या खिडकीपाशी रेंज येते तिथे टेबल टाकलंय आणि वीस तारीख जवळ आली की जीएसटीच्या रिटर्नसाठी क्लायंट लोक जसा पुण्यात जीव खातात तसाच आंजर्ल्यातही खातात, त्यांना काय फरक पडतो. फरक एवढाच की लॅपटॉप मिटला की चप्पल न घालता पाच मिनिटांत पुळणीवर.

आणि चालायला कधी जायचं ते आपण नाही ठरवायचं, ते समुद्र ठरवतो. आईकडे फॉर्म्युला आहे, तुला माहितीय का हा? तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. मी मोबाईलवरच्या टाइड चार्टशी ताडून पाहिलं, थोडं इकडेतिकडे होतं पण म्हातारीचं गणित चुकत नाही. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास सकाळ-संध्याकाळ ओहोटी, पुळण लांबच लांब मोकळी आणि वाळू ओली, घट्ट, अनवाणी चालायला एकदम बेस्ट, आणि अष्टमी आली की संध्याकाळी सुरूच्या बनाच्या कडेकडेने चालायचं, तिथे पाय भसाभस रुततात आणि पोटऱ्या अशा भरून येतात की जिम परवडली. माझं वजन विचारू नकोस, काटाच नाहीये इथे, पण पुण्याच्या जीन्स सैल झाल्यात हे नक्की.

तू विचारलंस डायट काय करतेस. आईला सांगितलं तर म्हणाली, "डायट म्हणजे काय, उपास का?" अगं इथे डायट वगैरे काही नाही, परसात आणि बाजारात जे आलंय ते खायचं, आणि संध्याकाळी सातला दुकानंही बंद होतात आणि ऑर्डर करायला कुणी येत नाही, त्यामुळे जीभ आपोआप ताळ्यावर येते. सकाळी मऊभात, मेतकूट आणि वर घरचं तूप, तेलात तळलेली एखादी सांडगी मिरची. कधी आंबोळ्या. दुपारी कुळथाचं पिठलं नाहीतर आमसुलाचं सार, भात लाल तांदळाचा, बाजूला कोवळ्या फणसाची म्हणजे कुयरीची भाजी, तिला भरपूर ओलं खोबरं आणि मोहरी-लाल मिरचीची फोडणी. रात्री भाकरी आणि जे उरलंय ते. तेल-खोबरं चिक्कार असतं, कुणी डायटिशियन बघेल तर चक्कर येईल तिला, पण मैदा नाही, पाकिटातलं काही नाही आणि साडेआठला जेवण उरकलेलं. माझी अॅसिडिटी कुठे गेली कुणास ठाऊक. मला वाटतं अर्धं क्रेडिट लवकर जेवण्याचं आहे, खोबऱ्याचं नाही, पण हे आईसमोर बोलायची सोय नाही.

सध्या ओल्या काजूंचा सीझन सुरू झालाय आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे कारण तू पुण्यात ते सोललेले ओले काजूगर बघून "काय लुटतात" म्हणतेस ना, तर ऐक. आधी दोन्ही हातांना खोबरेल तेल चांगलं चोपडायचं कारण त्या बीच्या सालात जो चीक असतो तो कातडी भाजून काढतो, अक्षरशः काळी पडून सोलते. मग विळीवर ती हिरवी बी उभी चिरायची, दोन फाका झाल्या की बांबूच्या टोकदार काडीने आतला गर अलगद उचकटायचा, आणि तो अख्खा निघाला तर आपण खूश, तुटला तर आई बघते. मग गर गरम पाण्यात टाकायचे म्हणजे वरची पातळ साल सुटते, ती एकेक करून चिमटीने काढायची. वाटीभर गरांना अख्खी दुपार जाते, तरी हातावर कुठेतरी एक काळा डाग राहतोच. आणि उसळ कशी, तर अगदी साधी, मोहरी-हिंगाची फोडणी, थोडा गोडा मसाला, आमसूल, गूळ, वर ओलं खोबरं, बास. कांदा-लसूण घातलं की काजूची चव मेली. तो दाताखाली येतो तेव्हा करकरीत पण नाही आणि पिठूळ पण नाही, मधलंच काहीतरी, मला नीट सांगता नाही येत, तू येऊन खा. आमची गार्गी इथे आली की सोलायला बसते, फोन न बघता दोन तास! कारण हाताला तेल असतं.

आता माशांचं. तुला माहितीये आमच्या घरी काय चालतं काय नाही, पण लग्न केलं मी मालवणच्या माणसाशी आणि समीर एक शनिवार सोडून एक येतो तो काय सार-भात खायला येत नाही. आईने तोडगा काढलाय, मागच्या पडवीत वेगळी शेगडी, वेगळी भांडी, "तिकडे काय हवं ते शिजवा, माझ्या पोळपाटाला हात लावायचा नाही." तर शनिवारी संध्याकाळी आम्ही पूल ओलांडून पाजपंढरीवरून हर्णैला जातो. लहानपणी तुला आठवतंय ना, खाडी तरीने ओलांडायला लागायची, आता पुलामुळे पटकन पोचतो. हर्णैचा लिलाव तू एकदा बघच. बोटी थेट काठाला लागत नाहीत, मग बैलगाड्या पार बैलाच्या पोटापर्यंत पाण्यात जातात, बोटीवरून मासळी गाडीत आणि गाडी वाळूवर, आणि मग वाळूतच ढीग लावून बोली. समोर सुवर्णदुर्ग तसाच उभा असतो, आंग्र्यांचं आरमार होतं तिथे, आणि त्याच्यासमोर कोळणी "घेतंस का जाऊ" म्हणून गिऱ्हाइकाला दम देत असतात. लिलाव मोठ्या व्यापाऱ्यांचा, आपल्यासारख्यांनी जरा बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडून घ्यायचं. कल्ले उचलून बघायचे, लाल असले तर घ्यायचं, आणि पर्यटकासारखं नुसतं "पापलेट, सुरमई" करायचं नाही, ताजे बांगडे मिळाले तर डोळे मिटून ते घ्यायचे.

समीर बांगड्याचं करतो ते असं, खोबरं, सुकी मिरची, हळद, थोडे धणे एकदम गंधासारखं वाटायचं, आमसुलं टाकायची आणि तिरफळं नुसती ठेचून अख्खी सोडायची, फोडणी नाहीच, वरून चमचाभर कच्चं खोबरेल. वास पार पुढच्या ओट्यावर येतो. आई तिथे बसून जप करते आणि मध्येच विचारते, "मीठ बघितलंन का त्याने?" म्हणजे खात नाही पण लक्ष सगळं.

एक गोष्ट मात्र डोक्यात जाते इथे. वीकेंडला लोक चारचाकी गाड्या पुळणीवर घालतात, गोल गोल फिरवतात, रील काढतात आणि मग भरती चढायला लागली की गाडी रुतते आणि गावातल्या पोरांना ट्रॅक्टर आणायला लावतात. बरं ही पुळण कासवांची आहे गं. ऑलिव्ह रिडले रात्री येऊन अंडी घालतात, एका घरट्यात शंभरच्या वर असतात, कासवमित्र पहाटे माग काढून ती उचलतात आणि कुंपणातल्या हॅचरीत पुरतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं येतात. पूर्वी हीच अंडी लोक खायला उकरून न्यायचे. वेळास गावात २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या भाऊ काटदरेंनी गाव बरोबर घेऊन हे काम सुरू केलं, मग आमच्याकडेही आलं. आता सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उघडतात, पिल्लं असली तर पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात, त्यांचं त्यांना चालत जाऊ देतात. तुझ्या ओमला हे दाखवच. पण त्याला आधीच सांगून ठेव की कधीकधी टोपली उचलली की खाली नुसती वाळू असते, तेव्हा तोंड पाडायचं नाही, दुसऱ्या दिवशी परत जायचं. म्हणूनच म्हणते दोन दिवसांसाठी येऊ नकोस! शनिवारी येऊन रविवारी पळणाऱ्यांना नेमकी वाळूच दिसते आणि मग ते चिडतात.

बाकी डॉल्फिन बघायला मुरुड-कर्द्याहून बोटी जातात, मला ते पाठलाग करणं फारसं आवडत नाही, ओम हट्ट करेल तर एकदा जाऊ.

वाडीचं सांगते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात आमची निम्म्याहून जास्त पोफळ आडवी झाली होती, तू फोटो बघितले होतेस, बाबा तेव्हा वाडीत जायलाच तयार नव्हते. मग त्याच पावसाळ्याच्या शेवटी गड्याला घेऊन त्यांनी रोठा सुपारीची रोपं लावली. सगळे म्हणत होते अहो या वयात कशाला, पोफळ धरायला वर्षं लागतात. ते म्हणाले, झाड लावणाऱ्याने वय मोजायचं नसतं, पाणी मोजायचं. त्यातल्या काहींना आता शिपुटं, म्हणजे सुपारीचे तुरे, आलीत. बाबांनी नाही बघितली. आई रोज सकाळी पाणी लावायच्या वेळी तिथे एक फेरी मारते, मी सोबत जाते, आम्ही बोलत वगैरे नाही फार, ती मला कुठल्या झाडाची झावळी काढायला झालीय ते सांगते आणि मी हो हो करते. खरं सांगू, मी इथे आले ती आईला सोबत म्हणून, सगळ्यांना तसंच सांगितलंय, पण सोबत कोण कुणाला करतंय ते मला अजून कळलेलं नाही.

रात्री जेवणं झाली की ओट्यावर पाच-तीन-दोन. शेजारच्या वहिनी येतात. आई पत्ते लपवते, सरळ सरळ लबाडी करते आणि पकडली की "दिसत नाही गं मला नीट" म्हणते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी! संकष्टीला कड्यावरच्या गणपतीला मात्र पायऱ्या चढून जाते, गुडघे दुखतात म्हणून गाडीने जाऊया म्हणलं तर रागावते. वरून समुद्र, खाडी, सुवर्णदुर्ग सगळं दिसतं, तिथे ती जरा वेळ बसते आणि दरवेळी विचारते, "अनूच्या बाबांचं कसं आहे आता?"

म्हणून मुद्द्यावर येते. काकांना घेऊन ये. काकू गेल्यापासून ते त्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून असतात, तू ऑफिसला, ओम क्लासला, त्यांच्याशी बोलायला कोण, तर वॉचमन. इथे त्यांना खालची खोली देते, पायऱ्या नाहीत, संडास-बाथरूम आत आहे, कमोड बसवून घेतलाय. डॉक्टर गावात आहे आणि मोठं काही लागलं तर दापोली जवळ आहे. त्यांची औषधं आणि शुगर मोजायचं मशीन तेवढं आण, भात किती खाऊ द्यायचा ते डॉक्टरांना विचारून ये म्हणजे आईशी भांडता येईल. लॅपटॉप तूही आण, माडीवर दुसरं टेबल लागतं, रेंज दोघींना पुरते, मीटिंग एका वेळी एकीनेच करायची.

शिमग्याच्या आत ये पण, कारण मग चाकरमानी येतात, मुंबईची सगळी मंडळी घरात, पालखी घरोघर फिरते, ढोल रात्रभर, मजा असते पण काकांना झोप मिळणार नाही. आणि शिमग्याला राहायचंच असेल तर राहा, मग माजघरात गाद्या टाकून झोपावं लागेल. गाडीने आलात तर ताम्हिणीने माणगाव आणि मग मंडणगडकडून या, घाटात काकांना मळमळेल तर आवळासुपारी ठेव. एसटीने यायचं तर स्वारगेटहून दापोली, तिथे समीर नाहीतर मी घ्यायला येईन.

येताना खाऊ काही आणू नकोस, खरंच. आणायचंच तर आईला मोठ्या अक्षरातलं वाचायला काहीतरी आण आणि माझ्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड, इथला उंदराने कुरतडलाय. तारीख या रविवारपर्यंत कळव, कारण काजू सोलायला बायका सांगायच्या आहेत, आपल्या दोघींच्याने एवढ्या लोकांचे होणार नाहीत. आणि आई विचारतेय की काकांना रात्री मुगाची खिचडी चालते का भाकरीच लागते, तेही लिही.

तुझी,
वर्षा