सूचना : दिवंगतांच्या बालपणीचे फोटो

सर्व सभासदांना नमस्कार. सर्वपित्री अमावास्येच्या स्मरणसभेसाठी आपल्या दिवंगत माणसाचा बालपणीचा एकच फोटो द्यावा. मुंजीतला असल्यास उत्तम, त्यात आत्या-मामा हमखास सापडतात. ६०० डीपीआयवर स्कॅन करून व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की फाइल लहान होते आणि मागच्या रांगेतले चेहरे पुसट होतात. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर सुटतो. काचेसकटच स्कॅन करा. पाठीवर नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

सोबत चार ओळी हव्यात : इंदूरमधला वाडा, कुलदैवत, संध्याकाळी घरी म्हटली जाणारी स्तोत्रं, खजराना गणपतीला कोणाचं बोट धरून जात. हे हयात भावंडांनाच विचारा, मुलांना सहसा ठाऊक नसतं.